काळा कोट उतरवून तहसीलदार व्हायचं, यात बिघडलं काय?

टिळकवाडीकर: भाचा आमच्या इथल्या, बेळगावच्या आर. एल. लॉ कॉलेजचा. दोन वर्षं कोर्टात उभा राहिला, आता केएएसचा, म्हणजे कर्नाटक प्रशासकीय सेवेचा अभ्यास धरलाय. थोरले बंधू भडकलेत, "सरकारचा पट्टा गळ्यात घालणार!" अहो, याच कॉलेजात शिकलेले के. के. वेणुगोपाल 2017 ते 2022 देशाचे महान्यायवादी होते. तेही सरकारी पदच की.

खानापुरी: उदाहरण चुकलं दादा. महान्यायवादी हा सरकारचा वकील, कोट कुठं उतरला? आणि सीमाप्रश्नाचा 2004 चा दावा महाराष्ट्रानं केंद्र आणि कर्नाटक, दोघांवर लावलाय. त्या पदावरच्या माणसाला केंद्राचीच बाजू मांडावी लागणार, शिकलेला बेळगावात असला तरी.

टिळकवाडीकर: बरं, मान्य. पण आमचं पोरगं दिल्लीत नाही, तालुक्याला बसणार. परवा बहीण पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढायला गेलेली. सगळं कन्नडमध्ये. खिडकीतला म्हणाला, "नऊ नंबरला नाव आहे, जावा." अकराव्या रकान्यातला सोसायटीचा बोजा तिनं बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून वाचून घेतला. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेत द्यायचे, हे ठरून किती वर्षं झाली! वकील त्यासाठी अर्जच करत राहतो. आत आपला माणूस असला तर निदान वाचून तरी दाखवील.

खानापुरी: दाखवील. आणि 1 नोव्हेंबरला? आपल्याला कर्नाटकात घातलं म्हणून त्या दिवशी काळा दिन पाळतो, त्या सायकल फेरीत पुढं असतो ना तो? नोकरी लागली की त्या दिवशी दार लावून घरात. मराठी कागदासाठी आपण निवेदन नेणार आणि आपलंच पोरगं 'पोहोचले' म्हणून शिक्का मारणार. बाहेर राहिला तर भांडेल तरी.

कॅम्पातली वहिनी (मी कोर्टातच असते): केएएसच कशाला? 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिली पाहिजे. त्याची दोन झालीत. एक वर्ष कळ काढ म्हणावं.

खानापुरी: वहिनी, न्यायाधीश झाला तरी फेरी बंदच की!

टिळकवाडीकर: फेरीचं खरं आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडं. काल पोरगंच म्हणालं, "मामा, यंदाची फेरी करतो, मग फॉर्म भरतो." थोरले बंधू काही बोलले नाहीत, उठून सायकलीत हवा भरायला गेले.