मदत हवी आहे : पुणे–महाबळेश्वर सायकल राइड, मित्राच्या उपचारांसाठी

आमच्या ऑफिसातल्या मित्राला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलंय. निधी उभा करायला आम्ही नऊ सहकारी डिसेंबरमध्ये पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने जातोय. कात्रज, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी असा साधारण १२० किलोमीटरचा रस्ता. परत येताना सायकली टेम्पोत, कारण दमलेल्या हातांनी घाट उतरताना सतत ब्रेक दाबले की रिम तापते आणि ट्यूब फुटते.

खरी कसोटी पसरणी घाटाची, कारण आधीच्या कात्रज आणि खंबाटकी या दोन घाटांनी पाय भरून आलेले असतात. चौघांच्या हायब्रीड सायकलींना मागे सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं आहे. ३४ चं बसवायचं तर जुना डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ते पेलेल का, की लांब केजचा (खालची पट्टी लांब असलेला) घ्यावा? चेनही लांब लागेल ना? प्रत्येकाकडे दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आहे. पाणी तासाला अर्धा-पाऊण लिटर, ओआरएस घालून. आणखी काय हवं?

पैशांबद्दल जाणकारांनी जरूर सांगा. मित्राच्या खात्यात थेट दिलं तर देणाऱ्याला देणगीवरची करसवलत (८०जी) नाही, शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० च्या वर मिळालं की ती सगळी रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरतात. आजारपणात त्याच्यामागे नोटिशीचं लचांड नको. रुग्णाच्या नावे रक्कम घेऊन थेट हॉस्पिटलचं बिल भरणारा नोंदणीकृत ट्रस्ट पुण्यात कुणी वापरलाय का? कागदपत्रं कोणती लागली, पैसे किती दिवसांत पोचले? ट्रान्सप्लांटआधी मोठी रक्कम भरावी लागते, म्हणून ही माहिती सगळ्यात आधी हवी आहे.