अनुभव धागा: जुनी स्पोर्ट्स कार ठेवलेल्यांनो, खरा हिशोब सांगा

गाडी केवढ्याला घेतली हे सगळे हौसेने सांगतात. त्यानंतर किती ओतले असं विचारलं की हवापाण्यावर बोलायला लागतात. म्हणून हा धागा.

माझा सध्या वीस वर्षं जुन्या एका दोन-सीटरवर डोळा आहे. किंमत नव्या स्विफ्टच्या आसपास. घरी अजून विषय काढलेला नाही. ज्यांनी अशी गाडी ठेवली आहे किंवा ठेवून विकली आहे त्यांनी लिहा: कोणती, काय गेलं, कुणी दुरुस्त केलं, बिल किती. लेबर वेगळं सांगितलंत तर उत्तम. देश कुठलाही चालेल. 'हौसेला मोल नसतं' हे मला माहीत आहे, मला मोलच हवं आहे.

न्यू जर्सी. पोर्शे बॉक्स्टर, २००१, मॅन्युअल

हिचं नाव काढलं की समोरचा आयएमएस बेअरिंगचं विचारतोच, तेव्हा आधी तेच. इंजिनात क्रँककडून चेनने फिरणारा एक मधला शाफ्ट (इंटरमीडिएट शाफ्ट, म्हणून आयएमएस) आहे, त्याच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरतात. या शाफ्टच्या फ्लायव्हीलकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय. सील जुनं झालं की आतलं ग्रीस ऑइलमध्ये धुऊन जातं, बेअरिंग ढिलं पडतं, आणि फुटलंच तर धातूचा चुरा इंजिनभर फिरतो. मग दुरुस्ती नाही, इंजिनच बदला. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोडही झाली. आज त्यातून कुणाला काही मिळायचं नाही, मुदत केव्हाच उलटली.

बेअरिंग महाग नाही, तिथवर पोचणं महाग आहे, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्लचचं काम निघालं की क्लच, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि हे बेअरिंग एका दमात उरकायचं. एका स्वतंत्र गॅरेजने सगळ्याचे मिळून ३,४०० डॉलर घेतले, त्यात निम्म्याहून जास्त लेबर. माझं जुनं बेअरिंग, खरं सांगायचं तर, ठणठणीत निघालं.

तरी दर ऑइल बदलीला जुना कागदी फिल्टर पात्याने कापतो, घड्या उलगडून उन्हात तिरप्या धरतो. प्लास्टिकचे तपकिरी तुकडे दिसले तर ते बहुधा चेनच्या गाइडचे, या वयात थोडे निघतातच. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवायचा. काही चिकटलं, तर गाडी सुरूसुद्धा न करता टो ट्रक बोलवायचा.

आजवर खिसा कापला तो मात्र भलत्यांनीच. डिकीतली कूलंटची प्लास्टिक टाकी तडकली. ती बदलली तर थर्मोस्टॅट. कडाक्याच्या थंडीत छत उघडलं तर मागची प्लास्टिकची काच घडीवर फाटली. इन्शुरन्स सोडून वर्षाला दोन हजार डॉलर धरा. ज्या वर्षी काहीच होत नाही त्या वर्षी टायर येतात.

पुणे. जर्मन, घडी होणारं पत्र्याचं छत, २००२

कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून पार्टसाठी त्यांच्याच दारात उभं राहायचंय.

न्यू जर्सीकरांकडे 'स्वतंत्र गॅरेज' नावाची वस्तू आहे, तेव्हा त्यांनी रडू नये. इथे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या निम्म्या पोरांनी हे मॉडेल उघडलेलंच नाही, आणि बाहेरच्या मेकॅनिककडे स्कॅनर नाही.

माझं छत हायड्रॉलिकवर चालतं. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा होतो, कपाळावर कोमट तेलाचा थेंब पडला. दिवाळी लांब होती. पुढच्या काचेच्या वर जो छोटा सिलिंडर असतो त्याचं सील गेलेलं. सर्व्हिस सेंटर म्हणालं, सील वेगळं मिळत नाही, अख्खा सिलिंडर मागवावा लागेल: ८५ हजार, आणि थांबायचं किती ते जर्मनी सांगेल. मी भोसरीत गेलो. मोल्डिंग मशीनचे सिलिंडर दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. त्याने माझा सिलिंडर व्हाइसमध्ये धरून उघडला आणि जुनं सील चिमटीत दाबलं, तर चहात पडलेल्या बिस्किटासारखं विरलं. व्हर्नियरने माप घेतलं, ड्रॉवरमधून तेवढंच दुसरं काढलं, बसवलं. एका सिलिंडरचे साडेतीन हजार. बाकीचेही लगेच भरून घेतले, कारण वय सगळ्यांचं सारखंच.

दुसरा खर्च आरटीओचा, तो कुणी धरत नाही. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण. आयात मोटारीसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये १५ हजारांवरून ४० हजारांवर नेली. देशी मोटारीला तेव्हा ५ हजार झाली. शिवाय पर्यावरण कर आणि पासिंगची खेटी. गाडी पावसाळाभर झाकून ठेवलेली असते याचं तिथे कुणाला काही नाही.

*(धागाकर्ता: पुणेकर, पार्ट थेट परदेशातून मागवले तर?)*

छोट्या रबरी वस्तूला वस्तूपेक्षा पार्सल आणि ड्यूटीच जड होते. भाचा डिसेंबरात येतो, त्याच्या बॅगेत चॉकलेटच्या जागी होज आणि सेन्सर असतात. बहीण बोलते, पण आणू देते.

रेडिंग, इंग्लंड. माझदा एमएक्स-५, १९९९

इंजिनाचं काय विचारता, त्याला मरण नाही. ऑइल, प्लग, टायमिंग बेल्ट, संपलं. खर्च सगळा गंजाचा. कापडी छताचं पाणी वाहून जायला सीटच्या मागे दोन्ही बाजूंना भोकं आहेत. पाचोळ्याने ती बुजली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, उतरतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग झकास. एमओटीचा, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा माणूस खालून दाबून बघतो, तेव्हा आरपार भोक. कापून नवीन पत्रा वेल्ड करायला एका बाजूचे ६५० पौंड गेले, रंग वेगळा.

इथल्या घेणाऱ्यांनी एक करावं: सरकारी साइटवर नंबर टाकला की गाडीचा एमओटीचा जुना इतिहास फुकट दिसतो. 'सिल्सना गंज, लक्ष ठेवा' असा शेरा दोन-तीन वर्षं लागून आलेला असेल तर मालकाने ताज्या रंगाचं कितीही कौतुक करू दे, पुढची गाडी बघा.

मडगाव. सॅन स्टॉर्म (देशी दोन-सीटर)

रेडिंगचे वाचून हसू आलं. माझ्या गाडीची बॉडी फायबरची, समुद्राच्या हवेत अर्धं गाव गंजलं पण ही नाही. चॅसी मात्र लोखंडाची, ती दर पावसाळ्याआधी खरवडून रंगवतो. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. कुठलाही बरा मेकॅनिक चालवून घेतो. खरी पंचाईत गाडीपुरत्या खास वस्तूंची: काचेचं रबर, छताचे खटके, ट्रिम. ते मिळतच नाहीत. फायबरला चीर गेली तर होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे नेतो, त्याच्याइतकं ते काम कुणाला येत नाही. शेवटच्या वेळी दाराच्या कोपऱ्याचे त्याने बाराशे घेतले, आणि रंग मीच मारला.

कोल्हापूर, उद्यमनगर

माझी गाडी नव्हे, गिऱ्हाइकाच्या करतो. तुम्ही सगळे पार्टचं बोलताय, मी लेबरचं बोलतो. जुन्या गाडीचं काम 'दोन तासांत' होत नसतं. एक सायलेन्सरचा बोल्ट गंजून मोडला की ड्रिल करा, एक्स्ट्रॅक्टर लावा, नाही निघाला तर हेडसकट लेथवाल्याकडे. अर्धा दिवस गेला एका बोल्टापायी. तो अर्धा दिवस बिलात लावला की मालकाचं तोंड वाकडं. म्हणून आम्ही अशा गाडीला तारीखच देत नाही, 'बघू' म्हणतो.

आणि 'गाडी कमी फिरलीय' म्हणून उड्या मारू नका राव. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, इंजेक्टर चिकटतात, ब्रेकचे पिस्टन जाम होतात. आता वीस टक्के इथेनॉल आलंय, जुन्या रबराला ते मानवत नाही. गाडी घेतली की पहिलं काम, टाकीपासून इंजिनापर्यंत सगळे पेट्रोल होज आणि क्लिपा नव्या. तीन-चार हजारांत होतं. मी गिऱ्हाइकाला विचारतसुद्धा नाही, बदलून टाकतो.

मेलबर्न. माझदा आरएक्स-८, विकली

रोटरी इंजिन, पिस्टनच नाहीत, त्यांच्या जागी तिकोनी रोटर फिरतात. हे इंजिन ऑइल जाळतं, कारण सीलच्या वंगणासाठी ते मुद्दामच थोडं आत सोडलं जातं. पेट्रोल भरताना ऑइलची पातळी बघायची सवय नसेल तर या वाटेला जाऊ नका. थंड इंजिन सुरू करून गाडी जरा मागे-पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर आत पेट्रोल साचतं आणि मग ते सुरू होत नाही. घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आत किती दाब धरतं ते मोजणं) हवीच, तीही रोटरीच्या खास मीटरने. साधा गेज रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या दाखवत नाही, त्यामुळे एक बाजू मेलेली असली तरी आकडा बरा येतो. माझ्या टेस्टमध्ये पुढच्या रोटरची एक बाजू पडलेली निघाली. इंजिन बांधायचे ९,००० डॉलर सांगितले. तो कागद गाडीसोबतच ठेवून स्वस्तात दिली. घेणारा स्वतः रोटरीचं काम करणारा होता, तो खूश. नऊ हजार आरपीएमला ती जी ओरडायची, तसलं काही आताच्या गाडीत नाही.

ठाणे. गाडी नवऱ्याची, वही माझी

कुठली ते तो लिहील, मी आकडे देते. चार वर्षांत दुरुस्ती ४ लाख ६० हजार. त्यातले १ लाख १० हजार एकाच गॅरेजने दोन खेपांत मिळून घेतले, कारण पहिल्यांदा गळती दुसरीकडूनच होती आणि तिथल्या शहाण्याला ती सापडली नाही. आधीच्या मालकाने पुढे ढकललेली कामं मी लाल शाईने लिहिते. पहिल्या वर्षाची पानं जवळजवळ लालच आहेत, नंतर लाल कमी होत गेलं. धागाकर्त्याने पहिल्या वर्षासाठी गाडीच्या किमतीच्या वीस-पंचवीस टक्के बाजूला काढल्याशिवाय घरी विषय काढू नये, आणि काढताना ते सांगावं. आमच्याकडे हा आकडा मला नंतर कळला.

यंदा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, ४८ हजार. बेल्ट बाहेरून अगदी चांगला दिसतोय असं मी म्हटलं. तर नवरा म्हणे, बेल्ट तुटेपर्यंत चांगलाच दिसतो, आणि तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. पैसे दिलेत, बिल आलं की इथे टाकते.