गणपतीची आरास: १५ मीटर पिक्सेल पट्टीचे शेवटचे दिवे तांबूस का?

गॅलरीवाला, डोंबिवली
मंडळी, गणपती तोंडावर आलेत, मदत करा. मखर, मागची भिंत आणि गॅलरीचं ग्रिल अशी सलग १५ मीटर डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी एलईडी पट्टी) लावली आहे. मीटरला ६० म्हणजे ९०० दिवे. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर दिवे चालवणारं डब्ल्यूएलईडी सॉफ्टवेअर, ५ व्होल्ट ४० अँपिअरचा एसएमपीएस (पट्टीला वीज देणारा पॉवर सप्लाय), सप्लाय मखराच्या टोकाला. आरतीच्या तालावर दिवे पळावेत म्हणून लॅपटॉपवर एक्सलाइट्स या लाइट-शोच्या सॉफ्टवेअरमध्ये सीक्वेन्स (कोणता दिवा कधी लागेल याचा क्रम) बनवतोय. पांढरा रंग दिला की सुरुवातीला पांढरा, मग पिवळट, ग्रिलपाशी चक्क तांबूस. मखराचे दिवे मधेच निळे-हिरवे लुकलुकतात. आणि एक्सलाइट्समधून पाठवलं की पहिले काही दिवेच चालतात, पुढे अंधार. दुकानदार म्हणतो पट्टी खराब आहे, बदला.

सोल्डरगन, पुणे
पट्टी अजिबात बदलू नका, चांगली आहे. पूर्ण पांढऱ्यात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो, म्हणजे ९०० दिव्यांचे ५४ अँपिअर. एवढा करंट त्या पातळ पट्टीतल्या तांब्यातून एका टोकाने कसा जाणार? वाटेत व्होल्टेज पडतं. निळ्या-हिरव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, तांबड्याला २ च्या आसपास. म्हणून निळा आधी मान टाकतो आणि तांबडा शेवटपर्यंत तग धरतो. पांढरा लावून ग्रिलच्या टोकाला मल्टीमीटर धरा, लगेच कळेल.

उपाय म्हणजे ०, ५, १० आणि १५ मीटरला प्लस-मायनस दोन्ही पुन्हा जोडायचे. पण एसएमपीएस पट्टीच्या मध्याजवळ आणा, हे फार महत्त्वाचं. अडीच स्क्वेअर एमएमच्या तारेतूनही १० अँपिअर १० मीटर नेले तर जाऊन-येऊन जवळजवळ दीड व्होल्ट जातो, आणि आपल्याकडे आहेतच ५! प्रत्येक फाट्याला एसएमपीएसजवळ वेगळा फ्यूज द्या. डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा २०००० मिलिअँपिअर ठेवा. घरात त्याहून जास्त उजेड डोळ्यांना सोसत नाही.

लुकलुकणं डेटाचं आहे. ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि पट्टीतल्या चिपला ५ व्होल्टवर किमान ३.५ हवेत. मधे ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टपर्यंत वाढवणारी चिप घाला, डेटाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर लावा, आणि कंट्रोलर पहिल्या दिव्याच्या अगदी जवळ ठेवा. कंट्रोलर आणि पट्टीचं ग्राउंड एकच हवं.

गॅलरीवाला, डोंबिवली
मोजलं. मखरापाशी ४.९, ग्रिलच्या टोकाला ३.३! तात्पुरती तार ओढून टोकाला सप्लाय दिला तर तिथे लख्ख पांढरा. फार आभार. आता एक्सलाइट्सचं कोणी सांगेल का?

जुना पिक्सेलप्रेमी, ठाणे
तुमचे बरोबर १७० दिवे लागत असणार, मोजून बघा. ई१.३१ या नेटवर्कवरून दिव्यांचा डेटा पाठवायच्या प्रोटोकॉलमध्ये एका युनिव्हर्सला (चॅनेलच्या गटाला) ५१२ चॅनेल, एका दिव्याला ३ (तांबडा, हिरवा, निळा), म्हणून १७०. तुम्ही एकच युनिव्हर्स दिलं असेल. ९०० ला ६ लागतात. त्यापेक्षा एक्सलाइट्समध्ये कंट्रोलरचा प्रोटोकॉल डीडीपी करा, ईएसपीचा आयपी पत्ता टाका आणि दिव्यांची पूर्ण संख्या द्या. युनिव्हर्सची भानगडच संपते.

आणखी एक. एका दिव्याचा डेटा जायला ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ईएसपीच्या एका पिनवर ९०० दिव्यांची एक फ्रेम (सगळ्या दिव्यांचं एक चित्र) २७ मिलिसेकंदांची. सीक्वेन्स दर २५ मिलिसेकंदांना नव्या फ्रेमचा असेल तर तो ताल कधीच गाठता येणार नाही. ५० चा ठेवा, किंवा पट्टी तीन पिनांवर ३००-३०० अशी विभागा. ढोल-ताशाच्या ठेक्याला २५ च हवा, त्याची मजा वेगळीच.

गॅलरीवाला, डोंबिवली
१७० च निघाले! डीडीपीवर सगळी पट्टी पळतेय. आता एसएमपीएस मध्याजवळ आणायचा, तर मखराच्या मागे पडद्याआड ठेवला तर चालेल?

सोल्डरगन, पुणे
नको. त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात आणि आरतीला मुलं मखराभोवती गोळा होतात. पडद्यात हवा खेळत नाही, शेजारी निरांजन आणि कापूर. भिंतीवर उंच, जाळीच्या झाकणाच्या डब्यात बसवा, मेनची तार तीन पिनांची घ्या आणि अर्थिंग नक्की जोडा. पाहुणे यायच्या आधी तासभर पूर्ण पांढरा चालू ठेवा, मग मेन बंद करून प्रत्येक जोडाला हात लावा. जो गरम लागेल तिथे पुन्हा सोल्डर मारा.