एररचे टाइप आपोआप एकत्र व्हावेत, की हाताने गुंडाळावेत?

मोनाडकर: फाइल वाचताना एक एरर, पार्सिंगची दुसरी, डेटाबेसची तिसरी. हॅस्केल भाषेत एदरच्या (उजवीकडे उत्तर, डावीकडे एरर ठेवणारा टाइप) एका डू-ब्लॉकभर, म्हणजे ओळीने लिहिलेल्या पायऱ्यांभर, डावीकडे एकच टाइप चालतो, म्हणून लोक अख्ख्या प्रोग्रामसाठी एकच भलामोठा 'ॲपएरर' करून मोकळे होतात. मग नुसतं कॉन्फिग वाचणारं फंक्शनही सांगतं की डेटाबेसचं कनेक्शन तुटू शकतं. धडधडीत खोटं! ओकॅमल भाषेचे पॉलिमॉर्फिक व्हेरियंट बघा, म्हणजे आधी जाहीर न करता वापरता येणारे टॅग (एररची नावं). दोन फंक्शनं जोडली की टॅग आपसूक एकत्र होतात. ही हमाली इन्फरन्सने, म्हणजे टाइप स्वतः ओळखणाऱ्या कंपायलरने करावी, आपण नाही.

शेपूटकॉल: आणि टॅगचं स्पेलिंग चुकलं की? ओकॅमलच्या लेखी तो नवा टॅग, चूक केली तिथे कंपायलर गप्प. तक्रार येते लांब कुठेतरी, मॅचपाशी, म्हणजे टॅगनुसार काय करायचं ते लिहितो तिथे. तिथे अंडरस्कोर ('बाकी काहीही') टाकलेला असेल तर तीही नाही. दुसरं, फाइल सापडली नाही आणि युजर सापडला नाही, दोन्हीकडे 'नॉट-फाउंड' हाच टॅग असेल तर दोघांचा एकच होतो. नेमकं काय सापडलं नाही ते आता शोधत बसा. हाताने गुंडाळलं, म्हणजे प्रत्येक एरर तिच्या उगमाचं नाव असलेल्या टाइपमध्ये घातली, तर एरर कुठून आली हे टाइपमध्येच दिसतं.

निमशहाणा: शेवटी सगळं लॉगमध्येच जातं ना? स्ट्रिंग द्या आणि झोपा.

शेपूटकॉल: टाइमआउट असेल तर पुन्हा प्रयत्न करायचा, इनपुट चुकीचं असेल तर नाही. हे काय स्ट्रिंगमध्ये शब्द शोधून ठरवणार?

मोनाडकर: टॅगची टक्कर मान्य. पण स्काला ३ भाषेत युनियन टाइप ('हा किंवा तो' असे टाइप) आहेत, तिथे प्रत्येक एररचा स्वतंत्र क्लास करता येतो. एदर कोव्हेरियंट असल्याने (डावीकडे लहान टाइपच्या जागी त्याला सामावणारा मोठा टाइप चालतो) फ्लॅटमॅपने दोन पायऱ्या जोडल्या की डावीकडे दोघांचं युनियन होऊ शकतं, आणि टक्कर होत नाही.

शेपूटकॉल: एकच क्लास दोन ठिकाणांहून आला की युनियनमध्येही तो एकदाच उरतो. माझा प्रश्न तसाच राहिला.

कंसातला: तुम्ही दोघेही बेरजेवरच भांडताय. खरी अडचण वजाबाकीची आहे. टाइमआउट मी इथेच हाताळला, तर तो पुढच्या टाइपमधून गेला पाहिजे. 'ॲपएरर'मध्ये तो कायमचा चिकटून राहतो. ओकॅमलमध्ये निघतो, पण उरलेले टॅग मॅचमध्ये नावानिशी लिहून 'ॲज' या शब्दाने पुन्हा एका व्हेरिएबलला बांधावे लागतात. नुसतं व्हेरिएबल ठेवलं तर जुनाच टाइप पुढे जातो. म्हणजे मोनाडकर, हमाली तिथेही आहेच.

मोनाडकर: आहे, पण फक्त एरर हाताळतो तिथे. गुंडाळायचं म्हटलं तर प्रत्येक वळणावर.