इतिहास, वाटाघाटी आणि प्रॉपर्टी, तिन्ही विषयांची पुस्तकं एकदम वाचायचीत, क्रम कसा लावू?

पानापानात:
नमस्कार मंडळी. टेबलावर सध्या तीन विषयांची पुस्तकं एकदम जमलीयेत. इतिहासात बार्बरा टकमन यांचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट' आणि गॅलब्रेथ यांचं 'द ग्रेट क्रॅश १९२९', वाटाघाटींवर 'गेटिंग टू येस' आणि 'नेव्हर स्प्लिट द डिफरन्स', आणि प्रॉपर्टीसाठी 'रिच डॅड पुअर डॅड'. भाड्याने द्यायला एखादी जागा घ्यायची हे मनात पक्कं आहे, म्हणून सगळे सांगतायत की आधी प्रॉपर्टीचं वाच, मग सौदा कसा करायचा ते वाच आणि इतिहास रिटायर झाल्यावर वाच. पण मला इतिहास सोडवत नाही आणि खरं सांगायचं तर सोडायचाही नाहीये. तुम्ही असे वेगवेगळे विषय एकत्र वाचता का, आणि जागेच्या व्यवहारात इतिहास वाचल्याचा काही उपयोग होतो का?

जुनीपोथी:
इतिहास अजिबात मागे ठेवू नका, उलट तिथूनच सुरुवात करा असं मी म्हणेन. १८०३ चा लुईझियानाचा व्यवहार घ्या, फ्रान्सने उत्तर अमेरिकेतला आपला मोठा प्रदेश अमेरिकेला विकला तो, जमिनीचा त्याहून मोठा सौदा शोधायला गेलात तर फार थोडे सापडतील. अमेरिकेला हवं होतं न्यू ऑर्लिन्स, म्हणजे मिसिसिपीच्या मुखावरचं बंदर, आणि आजूबाजूचा थोडा भाग. अमेरिकेचे दूत लिव्हिंग्स्टन पॅरिसमध्ये बोलणी करत होतेच, त्यांच्या मदतीला मन्रो या दुसऱ्या दूताला पाठवलं, आणि मन्रो पोचायच्या बेतात असताना फ्रान्सकडूनच विचारणा झाली की अख्खा प्रदेश घेता का, काय द्याल? आता नेपोलियन एवढी जमीन विकायला का निघाला तर हैती या फ्रेंच वसाहतीतल्या उठावात आणि पिवळ्या तापात त्याचं सैन्य संपलं होतं, ब्रिटनशी युद्ध तोंडावर आलं होतं, पैसा हवा होता, आणि युद्ध झालं असतं तर तो प्रदेश सांभाळता आलाच नसता. शेवटी दीड कोटी डॉलरला ठरलं. त्या दोघांना एवढ्या खरेदीचे अधिकारच नव्हते, पण अटलांटिकपलीकडून उत्तर यायला कित्येक आठवडे लागणार म्हणून त्यांनी सही करून टाकली.

हे वाचून मग 'गेटिंग टू येस' उघडा. समोरचा काय मागतोय याच्या मागे त्याला नक्की काय हवंय, आणि सौदा फिसकटला तर त्याच्या हातात दुसरं काय उरतं, हे दोन प्रश्न त्या पुस्तकाचा गाभा आहेत. लुईझियाना डोक्यात असलं की ते प्रश्न कोरडे वाटत नाहीत. जागा बघायला जाल तेव्हा भावाच्या आधी मालक का विकतोय ते शोधा, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

हिशेबी:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण प्रॉपर्टीच्या पुस्तकांबद्दल जरा सावध करतो. 'रिच डॅड पुअर डॅड' १९९७ चं आहे आणि ते मुळात पैशाकडे बघायची सवय बदलायला लिहिलेलं पुस्तक आहे. जी वस्तू खिशात पैसा आणते ती मालमत्ता आणि जी खिशातून काढते ते देणं, एवढं त्यातलं पक्कं लक्षात ठेवा, पण एखादी जागा घ्यावी की नाही याचा हिशेब त्यात शोधू नका, तो मिळणार नाही. आणि कुठलंही प्रॉपर्टीचं पुस्तक घ्या, रिकामे महिने, दुरुस्ती, कर, व्याज हे सगळं वजा करून हातात काय उरतं ते दाखवलंय का बघा. नुसत्या वाढत्या किमतीचे किस्से असतील तर मी तरी बाजूला ठेवतो. शिवाय कर आणि भाडेकरूंचे कायदे देशादेशात वेगळे, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या लेखकाच्या युक्त्या जशाच्या तशा उचलू नका.

तुमचं गॅलब्रेथ मात्र या कामासाठी एकदम योग्य आहे. सुरुवातीलाच फ्लोरिडातल्या १९२० च्या दशकातल्या जमिनींच्या तेजीबद्दल आहे, लोक जमीन बघत पण नव्हते, बयाणा देऊन खरेदीचा हक्क घ्यायचे आणि तोच हक्क पुढच्याला चढ्या भावाने विकायचे, मग नवीन गिऱ्हाईक आटलं आणि १९२६ च्या वादळाने उरलंसुरलं उडवलं. अजून एक, आइकहोल्त्झ नावाच्या अभ्यासकाने ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्यावरच्या घरांचे १६२८ ते १९७३ पर्यंतचे भाव काढले, महागाई वजा केली तर जवळपास साडेतीनशे वर्षांत ते साधारण दुप्पट झाले. दुप्पट, बस्स! मधे तेजी आणि मंदीच्या लाटा मोठमोठ्या आहेत. 'जागेचे भाव कधी पडत नाहीत' असं कुणी म्हणालं की मला हेच आठवतं.

आणि कर्जाचं गणित स्वतः कागदावर करा. २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के कर्जाचे घातले आणि भाव फक्त १० टक्के पडला तर तुमच्या घातलेल्या पैशातला अर्धा गेला, हप्ता तेवढाच राहतो.

मधला_मार्ग:
वाटाघाटींची दोन पुस्तकं आहेत ती एकामागोमाग वाचा, कारण ती एकमेकांशी भांडतात आणि त्यातच मजा आहे. 'गेटिंग टू येस' हे फिशर आणि युरी यांचं १९८१ चं, त्यांचा भर शांत डोक्याने दोघांचं हित शोधण्यावर. त्यातलं कॅम्प डेव्हिडचं, म्हणजे इजिप्त आणि इस्राएलच्या १९७८ च्या बोलण्यांचं उदाहरण नीट वाचा, इजिप्तला इस्राएलच्या ताब्यातला सिनायचा वाळवंटी प्रदेश परत हवा होता आणि इस्राएलला सुरक्षितता, सीमा कुठे आखायची यावर बोलत बसले असते तर काही झालं नसतं, म्हणून जमीन इजिप्तला आणि बराचसा भाग लष्करमुक्त असा मार्ग निघाला. 'नेव्हर स्प्लिट द डिफरन्स'चे लेखक ख्रिस व्हॉस एफबीआय या अमेरिकन तपास यंत्रणेत ओलीस सोडवायची बोलणी करायचे, त्यांचं पुस्तक २०१६ चं, ते म्हणतात माणूस आधी भावनेने चालतो. म्हणून समोरच्याचे शेवटचे दोनतीन शब्द परत म्हणा, त्याची भावना बोलून दाखवा, आणि नाही म्हणायच्या ऐवजी 'हे मी कसं जमवू?' असं विचारा.

माझं मत, जागा विकत घेताना व्हॉस जास्त कामाला येतो कारण तिथे एकदाच बोलणं होतं आणि दोन्हीकडे ताण असतो. भाडेकरूशी मात्र वर्षानुवर्षं संबंध राहणार, तिथे फिशर-युरीच हवेत.

पानापानात:
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! आता गॅलब्रेथ आधी घेते आणि सोबत 'गेटिंग टू येस'. मग टकमन कुठे बसवू? त्यात तर सगळं पहिल्या महायुद्धाचं आहे.

जुनीपोथी:
टकमन व्हॉसच्या आधी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीचं रेल्वेचं वेळापत्रक आणि हल्ल्याची योजना आधीच ठरलेली होती, मागे फिरायची सोयच कुणी ठेवली नव्हती, ते पान न पान जाणवतं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी हे पुस्तक वाचलं होतं आणि १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच झाला तेव्हा त्यांच्या मनात ते होतं, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना अब्रू राखून माघार घेता यावी याची त्यांनी काळजी घेतली. क्यूबावर हल्ला करणार नाही असं उघडपणे सांगितलं, आणि तुर्कीतली अमेरिकन क्षेपणास्त्रं काढायचं वचन गुपचूप दिलं. जागेच्या सौद्यातही तसंच, समोरचा भावावर अडून बसला तर ताबा कधी द्यायचा, पैसे कसे द्यायचे, आतलं फर्निचर कुणाकडे राहील, यातलं काहीतरी त्याच्या मनासारखं करून द्या म्हणजे त्याला भाव खाली आणायला जागा मिळते.