मदत हवी आहे: चिनी पेरूचं रान कसं हटवायचं?

नमस्कार. आम्ही मॉरिशसला, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहतो. मागच्या उतारावर चिनी पेरू इतका माजलाय की मांजरसुद्धा आत शिरत नाही. नावात चिनी असला तरी हा मूळचा ब्राझीलचा. बोराएवढी लालचुटूक फळं माकडं, रानडुकरं, बुलबुल खातात आणि बी जंगलभर पसरवतात. खाली इथल्या एबनीचं (काळ्या, कठीण लाकडाच्या स्थानिक झाडाचं) रोप रुजलं तरी सावलीत दबून जातं.

दोनदा बुंध्यापासून तोडला. पाऊस पडला की एकेका खुंटाला सात-आठ फुटवे! (सासूबाईंना मुरंब्यासाठी तो हवाच आहे, तो वाद वेगळा.)

तिकडे घाणेरी मुळासकट काढलेल्यांनी सांगा: मनगटाएवढी खोडं खणली तर माती वाहून जाईल का? आणि एबनी लगेच लावायची, की आधी वर्षभर फुटवे मोडत राहायचं?