कोल्हापूरचा पत्ता, पुण्याचं शोरूम: नवी गाडी घेताना पासिंग, टीपी आणि तपासणीचं काय?

रंकाळा_वारा

नमस्कार मंडळी. चार मीटरच्या आतली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनची गाडी घ्यायची आहे. एक्स-शोरूम ९ लाख ८० हजार. हव्या त्या रंगात आणि व्हेरियंटमध्ये कोल्हापुरात दोन-अडीच महिने थांबा म्हणतात. पुण्यातल्या एका शोरूमच्या यार्डात तीच गाडी तयार आहे आणि सूटही ३५ हजारांनी जास्त मिळते आहे. आधार, पॅन, सगळीकडे पत्ता कोल्हापूरचा. निम्मी रक्कम कर्जाची, बँकही इथलीच.

पासिंग (आरटीओ नोंदणी) कुठे करायचं, पुण्याला की टीपीवर (तात्पुरत्या नोंदणीवर) आणून कोल्हापूरला? पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे? पुढे इथल्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस आणि वॉरंटीला अडचण येते का? बेळगावही जवळच आहे, तिथून घेणं शहाणपणाचं आहे का?

खंबाटकी

पासिंगचं आधी सांगतो, कारण बाकीचं वेळापत्रक त्यावर ठरतं.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम ४० बदललं. तेव्हापासून ज्या राज्यात तुमचं राहणं किंवा व्यवसाय आहे, त्या राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते. म्हणजे कोल्हापूरच्या पत्त्यावर पुण्याचा एमएच १२ नंबर घेणं पूर्णपणे कायदेशीर आहे. गाडी नंतर कोल्हापुरात कायम राहिली तरी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ना पुन्हा नोंदणी लागते, ना एनओसी, ना परत कर. आरसीवर पत्ता पहिल्यापासून कोल्हापूरचाच छापून येतो, तेवढं अर्जात नीट तपासा. त्याच दुरुस्तीनं कलम ४१ मध्ये असंही आलं की डीलर त्याच राज्यातला असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरनंच करायचा. त्यामुळे "पासिंग तुमचं तुम्ही करून घ्या" असं शोरूम म्हणत असेल तर ते चालवून घेऊ नका.

एमएच ०९ च हवा असेल तर रस्ता लांबतो. पुण्यात तात्पुरती नोंदणी, म्हणजे पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांचा टीपी नंबर, मग कोल्हापूर आरटीओत कायमची नोंदणी, मग नंबर प्लेट. इथं अडतं ते असं: पुण्याच्या शोरूमला कोल्हापूर आरटीओतलं काम दूरचं असतं, ते कुणा एजंटावर सोपवतात, आणि फाइल दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते. तोवर टीपीची मुदत संपत येते. ती कागदावर छापलेली असते आणि मुदत उलटल्यावर गाडी रस्त्यावर आणली तर ती विनानोंदणी ठरते. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

नंबरच्या सीरिजचा फार आग्रह नसेल तर पुण्यातच पासिंग करा, माझं स्पष्ट मत आहे. आग्रह असेलच तर कोल्हापूरची फाइल कोण घालणार, प्लेट कुठे बसणार आणि त्याचे पैसे वेगळे आहेत का, हे बुकिंगच्या फॉर्मवर लिहून सहीशिक्का घ्या.

आणखी एक. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट डीलरनंच बसवून द्यायची आहे. ती नंबर पडल्यावरच बनायला जाते. म्हणून पुण्याच्या दोन फेऱ्या धरून चाला: पहिली गाडी तपासायला, दुसरी प्लेट बसल्यावर ताब्यात घ्यायला. "आज पैसे भरा, आजच घेऊन जा" याचा अर्थ टीपी, किंवा त्याहून वाईट म्हणजे बिननंबरची गाडी.

हिशोबवही

३५ हजारांची सूट खरी आहे का, ते आधी पाहा. दोन्ही शोरूमकडून कोटेशन ओळीओळीनं मागा आणि फक्त ऑन-रोडचा शेवटचा आकडा बघून ठरवू नका.

जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) होती तेव्हा शहरागणिक किंमत बदलायची. २०१७ च्या जीएसटीनंतर ते कारण उरलं नाही. बहुतेक कंपन्यांची एक्स-शोरूम किंमत राज्यभर एकच असते. फरक पडतो तो सूट, विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि "इतर खर्च" या चार ओळींत.

सरकारी भाग दोन्हीकडे सारखाच यायला हवा. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ९,८०,००० वर १,०७,८००. त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, २,१५६. नोंदणी शुल्क ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्ड २००, वर टपालखर्च. यापेक्षा चार-पाच हजारांनी जास्त "आरटीओ खर्च" दाखवला असेल तर तो एजंटाचा आहे. कराची ऑनलाइन पावती तुमच्या हातात मिळेल का, हे आधीच विचारा. आकडा लगेच खाली येतो.

वरचं व्हेरियंट घेण्याचा मोह झाला तर एक लक्षात असू द्या. किंमत १० लाखांच्या पुढे गेली की पूर्ण रकमेवर १२ टक्के लागतात. ९ लाख ९५ हजारांवर कर १,०९,४५० आणि १० लाख ५ हजारांवर १,२०,६००. शिवाय किंमत १० लाखांवर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं वसूल करायचा आयकर, लागतो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण आधी खिशातून जातो.

विम्यात खरी गंमत लपवलेली असते. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सगळ्या कंपन्यांना एकच. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एका वर्षाचा घेता येतो आणि त्याची किंमत कंपनीगणिक बदलते. शोरूमचाच विमा घेण्याची सक्ती कायद्यात नाही. बाहेरचं कोटेशन त्याच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच अ‍ॅड-ऑनवर काढा, नाहीतर तुलना फसवी होते. "आमचा विमा घेतला तरच सूट" असं म्हणाले, तर विम्यातला फरक सुटीतून वजा करून पाहा. बऱ्याचदा ३५ चे १५ हजार उरतात.

"हँडलिंग", "लॉजिस्टिक्स", "डेपो" अशी ओळ दिसली तर खोडायला सांगा. शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. आणि हीच कोटेशन घेऊन एकदा कोल्हापूरच्या शोरूमच्या सेल्स मॅनेजरकडे जाच. त्यानं १५ हजारांपर्यंत सूट वाढवली, तर पुण्याच्या फेऱ्यांचा त्रास वाचेल.

स्टेपनी

गाडी यार्डात उभी आहे आणि सूटही जास्त आहे, म्हणजे पहिला प्रश्न असा: ती बनली कधी?

बुकिंगचे पैसे भरले की तुमच्या नावावर लावलेल्या गाडीचा चॅसी नंबर लेखी घ्या. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. महिन्याचं अक्षर कुठे असतं ते कंपनीगणिक बदलतं. पण विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापावंच लागतं. त्याचा मसुदा मागा. गाडी मागच्या कॅलेंडर वर्षातली असेल तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते आणि ३५ हजारांची सूट त्याला पुरत नाही.

तपासणी यार्डातच करा, दिवसाच्या उजेडात, गाडी धुऊन घेतल्यावर, आणि नोंदणीच्या आधी. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की ती गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य. शोरूममध्ये पिवळ्या दिव्यांखाली पुसून ठेवलेली गाडी बघण्यात अर्थ नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी पाहा. एखादाच टायर वेगळ्या कंपनीचा किंवा खूप नंतरचा असेल तर का बदलला ते विचारा. सगळ्या काचांवरच्या खुणा जुळतात का पाहा. बॉनेट, दारं आणि डिकीच्या बिजागऱ्यांचे बोल्ट नीट न्याहाळा. पाना लागून रंग उडालेला असेल तर तो भाग काढून परत बसवला आहे. रंग बाजूनं तिरका पाहिला की रिटच केलेला पट्टा वेगळा चमकतो. वाहतुकीत बंपरचे खालचे कोपरे आणि दारांच्या कडा सगळ्यात जास्त घासतात.

ब्रेक डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो. बॅटरीकडे मात्र लक्ष द्या. तीन-चार महिने उभी राहिलेली गाडी जंप देऊन सुरू करतात आणि ती बॅटरी पहिल्याच पावसाळ्यात मान टाकते. तपासणीला गेल्यावर गाडी आधीपासून चालू ठेवलेली असेल तर बंद करायला लावा, दहा मिनिटांनी स्वतः स्टार्ट करा.

किलोमीटर, चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि दोन्ही किल्ल्यांचे फोटो काढून ठेवा. डिलिव्हरीच्या दिवशी तीच गाडी आहे ना, हे त्यावरून कळेल.

रंकाळा_वारा

खूप उपयोग झाला. पण शोरूमवाले म्हणतात, पूर्ण रक्कम आल्याशिवाय गाडी दाखवायला काढत नाही. आणि बँक म्हणते, इन्व्हॉइसशिवाय पैसे सोडत नाही.

हिशोबवही

क्रम असा लावा. परताव्याची अट लिहिलेली पावती घेऊन बुकिंगची रक्कम भरा, चॅसी नंबर लेखी घ्या, यार्डात तपासणी करा. गाडी पसंत पडली की तुमचा वाटा आरटीजीएसनं शोरूमच्या कंपनी खात्यावर टाका. सेल्समनच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला शोरूमला कायद्यानंच बंदी आहे. बँकेला सुरुवातीला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (कच्चं बिल) आणि तुमच्या वाट्याची पावती पुरते, त्यावर ती डीओ, म्हणजे शोरूमच्या नावचं डिलिव्हरी ऑर्डरचं पत्र, देते. पक्कं इन्व्हॉइस, विमा आणि आरसी नंतर जमा करायचे असतात. पुण्याचं शोरूम बँकेच्या यादीत आहे का, हे मात्र आजच शाखेत विचारा. नसेल तर खातं पडताळण्यात आठवडा जातो. बँकेचं नाव इन्व्हॉइस, विमा आणि फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज) वर अक्षरशः सारखं हवं.

पूर्ण पैसे दिल्याशिवाय दाखवतच नसतील, तर दुसरं शोरूम बघा. पुण्यात एकाच कंपनीची अनेक शोरूम आहेत.

टिळकवाडी

बेळगावचं सांगते. गाडी तिथून विकत घेता येते, पण कर्नाटकात पत्ता नसेल तर तिथली नोंदणी करता येत नाही. टीपीवर आणून महाराष्ट्रात कर भरून पासिंग करायचं. इन्व्हॉइसवर महाराष्ट्राचा पत्ता असला की सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्र आणि राज्याचा वेगवेगळा जीएसटी) याऐवजी आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो, एकूण दर तोच १८ टक्के. डीलर परराज्यातला असल्यामुळे अर्ज तुम्हाला करावा लागतो आणि आरटीओत गाडी दाखवायला न्यावी लागते. नातेवाइकाचा पत्ता लावून तिथला नंबर घेण्याच्या फंदात पडू नका. ती गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात ठेवली तर पुन्हा नोंदणी आणि कर आहेच, आणि कागदावरचा पत्ता खोटा असणं विम्याच्या दाव्यात उघडं पडतं. तुमच्यापुढे पुण्याचा पर्याय असताना बेळगावात काही फायदा दिसत नाही.

खंबाटकी

सर्व्हिस आणि वॉरंटीचं राहिलं. कंपनीची वॉरंटी आणि मोफत सर्व्हिस देशभरातल्या अधिकृत वर्कशॉपला बांधील असते, वॉरंटीच्या कामाचे पैसे त्यांना कंपनीकडून मिळतात. पण पुण्याच्या शोरूमनं बसवलेले सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, कोटिंग यांची जबाबदारी त्या शोरूमचीच राहते. म्हणून अ‍ॅक्सेसरीज तिथं घेऊच नका, विशेषतः वायरिंगला हात लागेल अशा. वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की डीलरची, हे कागदावर वाचा. डीलरची असेल तर कोल्हापुरात तिचा उपयोग शून्य.

नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. एजंट स्वतःचा टाकतात आणि पुढे प्रत्येक ओटीपीला अडतं.

घरी आणताना टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, वाहतुकीसाठी ती जास्त भरलेली असते. शोरूम जेमतेम पंपापर्यंत पुरेल एवढंच पेट्रोल घालतं. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोलनाके आहेत, फास्टॅग चालू आहे का ते निघण्याआधी पाहा. तो चॅसी नंबरवर काढला असेल तर नंतर गाडीचा नंबर जोडून घ्या, त्याशिवाय टोलचा वार्षिक पास मिळत नाही. महामार्गावर एकाच वेगात तासन्‌तास चालवू नका, वेग आणि गिअर बदलत राहा, क्रूझ कंट्रोल पहिले हजार किलोमीटर बंदच ठेवा. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशेच्या आसपास आहे, सकाळी लवकर निघालात तर उजेडात पोहोचाल.